अवटुग्रंथीच्या संप्रेरकाची न्यूनता आणि मेंदूतील जनुके

‘तिला थायरॉईड आहे’ असे मराठीत सर्रास म्हटले जाते. वस्तुतः थायरॉईड, म्हणजेच अवटुग्रंथी, प्रत्येकाच्याच गळ्यात असते. येथे ग्रंथीचे नाव रोगाला दिलेले आहे. तथापि तिच्या संप्रेरकाच्या न्यूनतेने मेंदूत जे घडते ते पाहता ‘आहे’ हे क्रियापद अगदीच अस्थानी ठरत नाही.

ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या ह्या संप्रेरकाच्या बहुतेक रेणूंत आयोडीनचे 4 अणू असतात. मेंदूत त्यांपैकी 1 निघून गेला की ते खरे कार्यक्षम होते. त्याचा ग्राही हे पेशीकेंद्रातील एक प्रथिन असून ते विशिष्ट जनुकांलगत डीएनएला चिकटलेले असते. त्याची ओळख 1986 मध्ये पटली. संप्रेरक ग्राहीवर येऊन बसले की ती जनुके कार्यान्वित होतात. ते न आल्यास जनुके केवळ स्वस्थ राहत असतील, अशी कल्पना सहज होते. परंतु ती अपुरी आहे. रिकामा ग्राही अन्य प्रथिनांच्या साह्याने त्यांना दाबून धरतो. लोप पावलेल्या प्रत्ययाचेही कार्य होते, हे पाणिनीच्या अभ्यासकांना परिचित आहेच. साम्य अर्थात मर्यादित आहे. येथे अभावाचे कार्य उपस्थितीच्या कार्याहून उलट असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य व त्यांचे सहकारी ह्यांनी 2005 मध्ये प्रौढ उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकँपस ह्या भागात उंदरांना प्रौढपणीही नव्या चेतापेशी लाभतात. संप्रेरक घटविल्यावर जन्मणाऱ्या पेशी कमी झाल्या नाहीत. जगणाऱ्या आणि चेतापेशीचे रूप घेणाऱ्या मात्र घटल्या. संप्रेरक पूर्ववत होताच ही उणीव भरून निघाली. ह्याच गटाने स्वीडनमधील संशोधकांसह 2010 मध्ये दाखविले की, ज्या उंदरांत ग्राहीचे प्रमाण वाढलेले असते त्यांतही तशीच घट होते व जास्तीचे संप्रेरक दिल्यास ती नाहीशी होते. त्यापूर्वी, 2002 मध्ये, स्पेनमधील प्रयोगांतून याहूनही निर्णायक गोष्ट पुढे आली होती : ग्राहीच नसलेल्या उंदरांत संप्रेरकाची न्यूनता असूनही अनुमस्तिष्काची रचना बिघडली नाही. 

मानवी मेंदूत प्रौढपणी अशा पेशी कितपत जन्मतात ह्याविषयी मतभेद आहेत. गर्भाविषयी मात्र संदेह नाही. प्रारंभीच्या महिन्यांत त्याची स्वतःची ग्रंथी कार्य करीत नसते. त्याचा मेंदू मातेच्या संप्रेरकावरच वाढतो, आणि त्या काळातील तीव्र न्यूनतेची भरपाई पुढे औषधाने पूर्णपणे होत नाही. भारतात 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. गुलमंडीतल्या किराणा दुकानातील मिठाच्या पुडीवरचा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे तो ह्यासाठीच.