माणसाच्या मापाचा माग

आनंदवनावर लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, आणि ज्या संस्थेविषयी मराठीत गेली कित्येक दशके लिहिले जात आहे तिच्याविषयी आणखी काय लिहावे, याचा विचार करीतच मी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोडा गाठले. उत्तर मिळाले ते तेथील हातमागाच्या दालनात. संस्थेची थोरवी ज्या सूत्रात सामावली आहे, ते सूत्र एका मागाच्या मांडणीत उघड्या डोळ्यांनी पाहता येते, असे मला मनापासून वाटते.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. वरोडा नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविलेल्या मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे या वकिलाने, तुळशीराम नावाच्या मरणोन्मुख कुष्ठरुग्णाच्या दर्शनाने मनात शिरलेल्या भयाचा निःपात करावयाचाच असा निश्चय करून, १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगचिकित्सेचे शिक्षण घेतले, आणि १९५१ साली सरकारने दिलेल्या ५० एकर खडकाळ रानात, पत्नी साधनाताईंच्या साथीने, सहा रुग्ण, १४ रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर आनंदवन वसविले. त्या रुग्णांनी पिकविलेला भाजीपाला वरोड्याच्या बाजारात आरंभी कोणी घेत नसे. आज तेथील कापड, सतरंज्या, चादरी लोक मागून नेतात.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. कोपराजवळून जाणारा तंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आखडून आत वळतात, त्वचेची संवेदना जाते, आणि मग विस्तवाचा चटका किंवा खिळ्याचे टोक हाताला कळतच नाही. औषधाने जंतू मरतात, परंतु फार दिवस गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही; सबब रोगमुक्त माणसाच्या वाट्याला असे हात येतात की ज्यांना वेदना कळत नाही, आणि म्हणूनच स्वतःला जपणेही कळत नाही.

आता धावत्या धोट्याचा माग पाहा. एका हाताने दोरीची मूठ ओढली की धोटा ताण्यातून पलीकडे जातो, दुसऱ्या हाताने फणी ठोकली की बाणा घट्ट बसतो, आणि पायांखालच्या पावड्या आळीपाळीने दाबल्या की ताण्याचे धागे खालीवर होतात. या साऱ्यात बोटांच्या अग्रांना फारसे काम नाही. काम आहे ते मनगटाला, कोपराला, खांद्याला आणि मांडीला. ज्या विणकरापाशी मी उभा होतो त्याच्या दोरीची मूठ जाड करून तिच्यावर जुन्या कापडाची गुंडाळी घट्ट शिवलेली होती, जेणेकरून वाकलेल्या बोटांतून ती निसटू नये आणि बधिर तळव्याला घासून नकळत जखम होऊ नये; पायांतही मऊ तळाच्या चपला होत्या, कारण जमिनीवरच्या खड्याची वर्दी त्याच्या पायांना मिळत नसे.

पण मागाचाही एक हट्ट असतो. ताण्याचा धागा तुटतो, आणि तुटला की त्याचे सूक्ष्म टोक हुडकून, फणीच्या नेमक्या घरातून ओवून, गाठ मारणे हे केवळ शाबूत बोटांचेच काम. तेथे मनगटाचे बळ व्यर्थ. धागा तुटताच या विणकराने हाक मारली नाही. त्याने कोपर उंच केले. समोरच्या बाजूला, तोंड मागाकडे करून, कांड्या भरीत बसलेला एक तरुण तत्काळ उठला, धागा सांधला आणि परत जागेवर गेला. तो तरुण कर्णबधिर होता. मागांच्या ज्या खडखडाटात ऐकणाऱ्या माणसालाही हाक कळली नसती, तेथे डोळ्यांनी ऐकणारा माणूस कोपर दिसेल अशाच जागी बसविलेला होता. एकाची बोटे आणि दुसऱ्याचा अनुभव मिळून कापड पुरे होत होते, आणि त्या दोघांपैकी कोणावरही कोणी उपकार करीत नव्हते.

हीच तजवीज आनंदवनात जागोजाग आढळते. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, संधिनिकेतनातील व्यवसायशिक्षण, अपंग कलावंतांचा स्वरानंदवन हा वाद्यवृंद, या सर्वांच्या मुळाशी शरीर जसे आहे तसे मान्य करून कामाला त्याच्या मापाने घडविण्याची बुद्धी आहे. खुद्द बाबांना कण्याच्या व्याधीमुळे बसता येत नसे, उभे राहावे किंवा आडवे व्हावे एवढेच शक्य होते. तरीही १९८५ च्या अखेरीस निघालेली भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवे पडून कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत नेली.

चिंता वाटते ती आनंदवनाच्या कुंपणाबाहेर पाऊल ठेवल्यावर. कायद्याने उशिरा का होईना, पुष्कळ केले: कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा केंद्राने २०१६ साली रद्द केला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळण्यात आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसांवर नेले. त्या एकवीसांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोगही आहे, आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत तो घरोघरी परिचित आहे. पण हक्काची पहिली पायरी म्हणजे दाखला, आणि दाखल्याची वाट बहुधा जाते जिल्ह्याच्या इस्पितळाकडे. भामरागड या तालुक्याच्या गावाहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संबंध वर्षानुवर्षे तुटत आला आहे. ज्याला चालता येत नाही त्याने आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी एवढा प्रवास करावा, असा हा व्यवहार आहे. सिकलसेलच्या रोग्याचे तर आणखी कठीण: वेदनेचा झटका येतो तेव्हा तो अंथरुणावरून उठू शकत नाही, आणि तपासणीस उभा राहतो तेव्हा धडधाकट दिसतो.

तेथील माडिया आदिवासी घरातील कर्णबधिर मुलाची कुचंबणा याहून खोल आहे. शाळेत ओठ वाचावयास शिकविले तर ते मराठीचे. सुटीत घरी आले की आईच्या ओठांवर माडिया भाषा. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश दहा हजार शब्दांपर्यंत वाढला, ही आनंदाची गोष्ट. पण ती भाषा आईबापांना आणि गावाला कोणी शिकविली नाही, तर ते मूल शिकून येते आणि स्वतःच्या अंगणात पुन्हा एकटे पडते.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली बाबांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला, तो दवाखाना रोग्याजवळ नेण्यासाठी. दवाखाना अरण्यात जाऊ शकतो, तर तपासणीचे वैद्यकीय मंडळ का नाही? पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या तारखांना प्रत्येक दुर्गम तालुक्यात ते बसावे. सिकलसेलची नोंद एका दिवसाच्या प्रकृतीवर न होता उपचारांच्या दप्तरावरून व्हावी. आणि प्रत्येक कर्णबधिर मुलाबरोबर घरातील निदान एका माणसाला सांकेतिक भाषा शिकविण्याचा खर्च सरकारने उचलावा. कापडाची गुंडाळी केलेली मूठ ही काही मोठी यंत्रविद्या नव्हे. समोरच्या माणसाचा हात कसा आहे, हे पाहण्याची सवड कोणीतरी काढली, एवढेच. आणि तेवढी सवड काढणे हे पगारी शासनाचे कर्तव्य आहे, त्यासाठी बाबा आमट्यांसारख्या विभूतीच्या जन्माची वाट पाहण्याचे कारण नाही.