आठशे आठचा ठोका फाइलमध्ये मावतो का?

रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणलं, तेव्हा त्याची किंमत १,१९५ डॉलर होती. खऱ्या ड्रमसेटसारखं ते अजिबात वाजत नाही अशी तक्रार झाली, आणि ती रास्तच होती. १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर जेमतेम बारा हजार यंत्रं बनली होती. आज त्यातलं एखादं विकायला निघालं, तर हौशी माणसाने किंमत न विचारलेलीच बरी. म्हणून घरच्या घरी संगीत करणारी मंडळी दुसरी वाट धरतात. अकाईचं एमपीसी, रोलँडचं एसपी-४०४ किंवा कॉर्गचं चिमुकलं व्होल्का सॅम्पल असा एखादा सॅम्पलर घ्यायचा आणि जुन्या मशीनचे ठोके त्यात फाइलच्या रूपात भरायचे. असे ठोक्यांचे संच इंटरनेटवर ढिगाने मिळतात, बरेचसे फुकट. पण कुठल्या मशीनचा आवाज फाइलमध्ये पुरता उतरतो आणि कुठल्याचा अर्धामुर्धाच, हे त्या मशीनच्या पोटात काय आहे यावर ठरतं.

८०८ च्या पोटात ध्वनिमुद्रण नाहीच. आहेत ती फक्त सर्किट्स. बास ड्रमसाठी रेझिस्टर आणि कंडेन्सर यांची ‘ब्रिज्ड-टी’ नावाची जुळणी आहे. तिला विजेचा क्षणभराचा झटका दिला, की घंटेवर टोल पडावा तशी ती साधारण ५० हर्ट्‌झच्या आसपास घुमते आणि हळूहळू शांत होते. किती वेळ घुमायचं ते ‘डिके’चा नॉब ठरवतो. हाय-हॅट आणि झांजेसाठी एकमेकींशी न जुळणाऱ्या सहा चौकोनी लहरी एकत्र करून फिल्टरमधून गाळल्या जातात. धातूचा किणकिणाट त्या बेसुरेपणातून येतो. टाळी म्हणजे नुसती खरखर, पण एकापाठोपाठ एक झटपट तुकड्यांत सोडलेली, त्यामुळे चार हात एकदम न पडता मागेपुढे पडल्यासारखे वाटतात. आणि झांजेतला तो चुरचुरणारा पोत? संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यासाठी कंपनी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेत असे. कारखाने सुधारले, तसा सदोष मालाचा पुरवठा आटला. गुणवत्ता वाढल्यामुळे एखादं वाद्य बंद पडण्याची अशी उदाहरणं फार नसावीत.

सर्किट असल्याचा परिणाम कानाला कळतो. पहिला ठोका अजून घुमत असताना दुसरा पडला, तर नवा झटका चालू असलेल्या लहरीवर कुठेतरी मध्येच बसतो आणि प्रत्येक ठोक्याची सुरुवात किंचित निराळी होते. फाइल मात्र दर वेळी शून्यापासून तश्शीच सुरू होते. शिवाय सॅम्पलरमध्ये स्वर चढवला की फाइल भरभर वाजते, म्हणजे ठोका आखूडही होतो. ८०८ मध्ये घुमण्याची लांबी हा वेगळा कारभार आहे.

रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याचं एलएम-१ त्याच १९८० सालचं, पण तत्त्वाने उलटं. खऱ्या ड्रमचे ठोके ध्वनिमुद्रित करून ते चिपमध्ये ८ बिटांत साठवलेले, सेकंदाला सुमारे २८ हजार नमुने. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. मेमरी इतकी महाग होती की लांब वाजणारी क्रॅश झांज त्यात घालणं परवडलं नाही! अशा मशीनची फाइल म्हणजे फाइलचीच प्रत. तिथे फारसं काही हरवत नाही. रोलँडचं १९८३ चं टीआर-९०९ या दोघांच्या मध्ये बसतं: बास ड्रम, स्नेअर, टाळी सर्किटची, हाय-हॅट आणि झांजा ६ बिटांत मुद्रित केलेल्या, म्हणजे आवाजाच्या फक्त ६४ पायऱ्या. ती खडबडीत झांजच पुढे टेक्नो आणि हाउस संगीताची ओळख बनली.

८०८ चा मुंबईशीही संबंध आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा रागांचा एक डिस्को अल्बम केला. तेव्हा त्याला कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून तो पुन्हा निघाला, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउसची चाहूल त्यात आधीच लागते हे ऐकून जग चाट पडलं. ८०८ कसं वाजतं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याने संचांच्या मागे धावण्याआधी हा अल्बम ऐकावा.

सॅम्पलरही आपला रंग लावतो. ई-म्यूचं १९८७ चं एसपी-१२०० हे १२ बिटांचं, सेकंदाला २६,०४० नमुने घेणारं. एकूण मेमरी दहा सेकंदांची. तेवढ्यात जास्त मावावं म्हणून न्यूयॉर्कची हिप-हॉप मंडळी ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून मुद्रित करत आणि मग सॅम्पलरमध्ये स्वर उतरवत. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल बसे. पण नमुन्यांच्या निम्म्या दराहून वरच्या लहरी नीट साठत नाहीत, आणि स्वर उतरवताना नसलेल्या लहरीही उमटतात. तो मळकट आवाज लोकांना इतका आवडला की आज स्वच्छ फाइल मुद्दाम त्यातून फिरवून विकतात. असा संच घेताना तो मूळ मशीनचा आहे की एसपी-१२०० मधून आलेला, हे वाचून घ्या. दोन्ही चांगले, पण वस्तू वेगळी.

माझं मत विचाराल तर लिन किंवा त्याच जातीच्या ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचे मूठभर ठोके पुरेत. ८०८ साठी मात्र एकाच बास ड्रमच्या, डिके आणि टोन वेगवेगळ्या ठेवून घेतलेल्या, पाचसहा फाइल असलेला संच शोधावा. पाचशे फाइलींचा ढीग निरुपयोगी. व्होल्का सॅम्पलच्या मूळ मॉडेलमध्ये सगळे ठोके मिळून ६५ सेकंदच मावतात. फाइलच्या सुरुवातीची शांतता छाटा. शतांश सेकंदाची फट राहिली तरी ठेका मागे रेंगाळतो. बंद हाय-हॅट वाजताच उघडी गप्प झाली पाहिजे. ८०८ मध्ये ते आपोआप होतं, सॅम्पलरमध्ये दोन्ही एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाकाव्या लागतात.

आणि निवड हेडफोन लावूनच करा. ५० हर्ट्‌झ मोबाइलच्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तिथे ८०८ चा उत्तम ठोकाही नुसता ‘टक’ वाजतो, आणि चांगली फाइल उगाच डिलीट होते.