भाव कायद्याचा, माप दुकानदाराचे

महागाई आणि नफेखोरी हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो; पण त्यांत फरक आहे. पीक बुडाले, वाहतूक थांबली आणि माल महागला, तर ती महागाई. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही हे हेरून कालच्या भावाने भरलेला माल आज दुप्पट भावाने विकला, तर ती नफेखोरी. दुष्काळ, पूर, युद्ध, साथ अशा काळात नफेखोरी महागाईच्या आड लपते. तिला कायद्याने आवरता येते काय, आणि आवरली तर कोणासाठी, हे चळवळीतल्या माणसाने नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे या कामाचा मुख्य कायदा म्हणजे १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमाखाली सरकारला वस्तूचा भाव ठरवता येतो, साठ्यावर मर्यादा घालता येते, साठेवाल्याला माल विकायला भाग पाडता येते. आदेश मोडणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याने तर साठेबाजाला खटल्याविना सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. कागदावर एवढी ताकद असताना गरिबाच्या ताटात ती का उतरत नाही?

याचे उत्तर शोधताना बंगालच्या दुष्काळाकडे पाहावे लागते. १९४२ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने तांदळाचा कमाल भाव बांधून दिला. पण सरकारच्या कोठारात पुरेसा तांदूळ नव्हता. तांदूळ बाजारातून नाहीसा झाला आणि मागच्या दाराने चढ्या भावाने विकला जाऊ लागला. मार्च १९४३ मध्ये नियंत्रण उठवले. भाव मोकळे सोडले की माल आपोआप येतो, असे आजही सांगणारे पंडित आहेत. तेव्हा भाव भडकले, आणि धान्य गेले ते पैसा असणाऱ्याकडे. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांची व सरकारी नोकरांची सोय लावली गेली. खेड्यातला भूमिहीन मजूर, मासेमार, कारागीर मात्र मेला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख मानला; पुढे अमर्त्य सेन यांनी तो ३० लाखांच्या घरात असल्याचे मांडले. भाव बांधणाऱ्या सरकारच्या हाती धान्यही हवे आणि ते वाटण्याची यंत्रणाही हवी, हा त्यातला धडा आहे. रेशन दुकानाशिवाय भावनियंत्रण लंगडे आहे.

अलीकडचा अनुभव घ्या. २१ मार्च २०२० रोजी केंद्राने याच कायद्याखाली तीन पदरी मास्कची किंमत १० रुपये व २०० मिलिलिटर सॅनिटायझरची १०० रुपये अशी बांधली. ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शेतमालावरील साठामर्यादेला अट घातली: टिकाऊ अन्नधान्याचा किरकोळ भाव ५० टक्क्यांनी आणि फळे-भाज्यांचा १०० टक्क्यांनी वाढल्यावरच ती मर्यादा लावता येईल. ज्या घराची रोजची मजुरी रोजच्या पिठामिठात संपते, त्या घरात भाव ५० टक्के चढेपर्यंत एका वेळची चूल बंद झालेली असते. ही मोजपट्टी कोणाच्या पोटावर ठेवून आखली होती? शेतकरी आंदोलनानंतर २०२१ मध्ये ही दुरुस्ती कृषी कायद्यांबरोबर रद्द झाली.

पण कायदा धड असला तरी आमच्या वस्त्यांपर्यंत येताना तो आणखी एका ठिकाणी अडतो. पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते. तिच्यावर पैसे घेतले तर गुन्हा सिद्ध करता येतो. सुट्या मालावर काहीच छापलेले नसते. आमची माणसे पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल सुटे घेतात. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आईने आयुष्यभर किराणा आणला तो दुकानदाराच्या वहीवर. पावती आमच्या घरात कधी आली नाही. २०२० च्या टाळेबंदीत वस्तीतल्या दुकानात डाळीचा भाव दर आठवड्याला चढत होता. मी तक्रार करू म्हटले, तर शेजारची मावशी म्हणाली, “बाळा, तू पगारी माणूस. उद्या त्यानं उधारी बंद केली तर मी खाऊ काय?” कायदा तक्रारदाराची वाट पाहतो, आणि ज्याच्यावर अन्याय होतो तोच दुकानदाराचा ऋणको असतो. ही गाठ कोणत्याही कलमाने सुटत नाही. ती संघटनेनेच सुटेल. एकट्या मावशीने करायची तक्रार साऱ्या वस्तीने मिळून केली, तर उधारी कोणाकोणाची बंद करणार?

येथे एक हत्यार आपल्या हाती आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या २९ व्या कलमाने रेशन दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या नेमायच्या आहेत, आणि त्यांत अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया व निराधार यांना योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. या समितीचे काम रेशनपुरते आहे, हे खरे. पण रेशनचे धान्य वेळेवर व पुऱ्या मापाने मिळाले, तर संकटात दुकानदाराच्या दारी जाण्याची लाचारी तेवढी कमी होते. आपल्या वस्तीच्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे तहसील कचेरीत जाऊन विचारा. उत्तर लेखी मागा. पुढचा पूर किंवा पुढची साथ येण्याआधी एवढे काम झालेच पाहिजे.