नडगीच्या दुखापतीनंतर पुन्हा धावताना

सततच्या ताणामुळे नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली, तर ती भरून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. काहींना त्याहून जास्त. सराव पुन्हा सुरू केला की दम लवकर परत येतो, पण हाड सावकाश बळकट होते. पुन्हा दुखावण्याचा धोका या तफावतीतच असतो.

धावण्याआधी दोन गोष्टी साधायला हव्यात: हाडावर बोटाने दाबल्यास दुखू नये आणि सलग ३० मिनिटे भरभर चालताना त्रास होऊ नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट जागी १ मिनिट हळू धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ ते १० फेरे दिवसाआड करावेत. पुढे धावण्याची मिनिटे थोडी थोडी वाढवावीत. आधी वेळ वाढवावा, मग वेग. चढ-उतार सर्वांत शेवटी. मधल्या दिवशी टाचा उचलण्याचा व्यायाम केल्यास पोटऱ्यांना ताकद येते.

धावताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकताना नडगी दुखली, तर थांबावे. दुखणे पूर्ण गेल्यावर मागच्या टप्प्यापासून सुरुवात करावी. एकाच जागी ठणका राहिला किंवा रात्रीही दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.