अस्वल सोडवलं, पण दरवेशाचं काय?

लहानपणी आमच्या दारात दरवेशी यायचा. मुलाची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत. मलाही बसवलं होतं. नाकातली दोरी तेव्हा दिसली, तिचा अर्थ कळला नव्हता. पिल्लाच्या नाकाडात तापलेली सळई आरपार घालून ती ओवत, भूल न देता. दातही पाडत. दोरी ओढली की वेदनेनं ते मागच्या पायांवर उभं राहायचं. त्याला आपण नाच म्हणायचो!

१९७२ चा वन्यजीव कायदा आला तरी खेळ चालूच राहिला. अस्वल जप्त झालं तर पोटासाठी माणूस दुसरं पिल्लू आणणार, हे उघड होतं. १९९५ साली सुरू झालेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’नं नेमकं हेच हेरलं. उत्तरेतल्या कलंदरांनी (आपल्या दरवेशांसारखेच हे) अस्वल स्वाधीन करायचं. बदल्यात धंद्याला भांडवल आणि मुलांना शाळा. असं करत सहाशेहून अधिक अस्वलं सुटली. २००९ मध्ये बंगळुरूजवळ आणलेला राजू शेवटचा मानतात.

त्यांना जंगलात मात्र सोडता येत नाही. दात नाहीत, आईकडून शिकणं राहून गेलेलं. आग्र्याजवळच्यासारख्या केंद्रांत ती राहतात, आणि दोरी निघाली तरी काही अस्वलं जागच्या जागी डोलत असतात.