इंटर्नशिप: माहीत असणं आणि करता येणं

आधीच कबूल करतो, मला कोड लिहिता येत नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी आज या विषयावर बोलतोय, त्याला कारण आमच्या शेजारची मुलगी. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा दोन ई-मेल दाखवायला आली. "आजोबा, कुठली इंटर्नशिप घेऊ?" एकीत हिनंच पैसे भरायचे, घरी बसून व्हिडिओ बघायचे, शेवटी प्रमाणपत्र. दुसरी एका छोट्या कंपनीत, मानधन बेताचं, प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही. आईवडिलांना पहिली पसंत होती!

आता इथे मला गिल्बर्ट राइल आठवतो. १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात त्यानं एक भेद मांडला: एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, करता येणं वेगळं. पुरणपोळीची कृती पाठ असते, पण लाटताना पोळी फुटते, तसं. तुम्ही म्हणाल, आणखी नियम पाठ करू. राइल म्हणतो, कुठला नियम कुठे लावायचा हे ठरवायलाही अक्कल लागते. त्या अकलेसाठी पुन्हा नियम आणलात, तर तो लावायला आणखी एक. आपले नैयायिक याला अनवस्था दोष म्हणतात. शंभर व्हिडिओंनी प्रोग्रामर का होत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

मग कशानं होतो? मी तिला विचारलं, कंपनीत नेमकं काय करतात? तिच्या सीनिअर मैत्रिणीनं सांगितलेलं असं: पहिले काही दिवस दुसऱ्यांनी लिहिलेला कोड नुसता वाचायचा. मग एखादी छोटी चूक दुरुस्त करायला देतात. तुम्ही बदल सुचवायचा, अनुभवी माणूस तो ओळीओळीनं वाचतो, शेरे मारतो, परत पाठवतो. याला रिव्ह्यू म्हणतात. कॉलेजात प्रोग्राम चालला की मार्क मिळाले, विषय संपला. इथे प्रोग्राम चालतो तरी परत येतो, कारण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कुणालातरी वाचायचा असतो.

हे सगळं बहुतेक ठिकाणी गिट नावाच्या साधनावर चालतं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ मध्ये केलं. त्यात 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, ते नावानिशी दाखवते. ब्लेम म्हणजे दोष! नाव जरा कडक आहे, पण मला आवडलं. वहीतल्या चुकीला असं नाव चिकटत नसतं.

त्याच २००५ साली गूगलनं 'समर ऑफ कोड' सुरू केलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पात काम करायचं, त्यासाठी मानधन मिळतं. तिथेही महत्त्वाचा असतो तो मेंटर, म्हणजे तुमचं काम वाचणारा माणूस.

म्हणून तिला म्हटलं, दोघांनाही एकच प्रश्न विचार: मी लिहिलेला कोड कोण वाचणार? पहिल्याकडून उत्तर आलं की प्रमाणपत्र पीडीएफमध्ये मिळेल. दुसरीकडच्या बाईंनी लिहिलं, "मी वाचेन."

तिथे लागून तिला तीन आठवडे झाले. आतापर्यंत अकरा ओळी लिहिल्यात, त्या चार वेळा परत आल्या. आई विचारते, "एवढ्यासाठी रोज दीड तास बसनं जातेस?" काल जिन्यात भेटली तेव्हा मला पाचवा शेरा समजावून सांगत होती. मला फारसं कळलं नाही. तिला कळलं होतं.