गिळलेला कॅमेरा आणि लांबलेली रांग

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, ६ आठवड्यांच्या आत व्हावी असा इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा दंडक आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तातडीच्या नसलेल्या तपासण्या थांबल्या आणि आधीच लांबलेली रांग आणखी वाढली. रांगेतल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. पण ज्याला असतो त्याला वाट पाहणे परवडत नाही.

यावर उतारा म्हणून २०२१ मध्ये इंग्लंडने ११,००० रुग्णांसाठी कॅमेऱ्याची गोळी वापरून पाहण्याचे जाहीर केले. या गोळीची कल्पना इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इद्दान यांची. क्षेपणास्त्रांच्या दृष्टियंत्रणेवर काम केलेल्या या माणसाची गोळी २००० साली ‘नेचर’मधून जगापुढे आली. ती लहान आतड्यासाठी होती. मोठ्या आतड्यासाठी पुढे निघालेल्या गोळीच्या दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. सुमारे तीन सेंटिमीटरची ही गोळी आतड्याच्याच हालचालीने पुढे सरकते आणि टिपलेली चित्रे रुग्णाने अंगावर बाळगलेल्या यंत्राकडे पाठवते. भूल लागत नाही, दुर्बिणीची खोली अडत नाही.

मग रांग संपली का? तसे नाही. दुर्बिणीतून पाणी मारून आतडे धुता येते, गोळीला ते जमत नाही. म्हणून पोट साफ करण्याची औषधे जास्त घ्यावी लागतात. हजारो चित्रे प्रशिक्षित माणसाला पाहावी लागतात. मुख्य म्हणजे गोळी फक्त पाहते. तिला आतड्यातला मोड, म्हणजे पॉलिप, काढता येत नाही की तपासणीसाठी तुकडा घेता येत नाही. काही सापडले, की रुग्ण पुन्हा दुर्बिणीच्याच दारात.

म्हणून गोळी कोणाला द्यायची, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी विष्ठेतील रक्त मोजणारी ‘फिट’ चाचणी उपयोगी पडते. ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी रक्तद्रव्य आढळले तर कर्करोगाची शक्यता फार कमी. प्रमाण खूप जास्त असेल तर थेट दुर्बीण बरी. इंग्लंडच्या प्रयोगात तातडीने पाठवलेल्यांपैकी १० ते १०० या मधल्या गटाला गोळी दिली गेली. पण या गटातही मोड पुष्कळांना असतात, आणि अशांच्या वाट्याला एकाऐवजी दोन तपासण्या येतात.

तेव्हा किती जणांनी गोळी गिळली, यावरून यश मोजू नये. त्यांतल्या किती जणांना नंतर दुर्बीण लागलीच नाही, तेवढीच रांग खरोखर आखडली.